रोजच्या कपड्यांतला व्यायाम

चीनमध्ये राहणारा मराठी माणूस सुट्टीवर घरी आला, की त्याला हमखास एक प्रश्न विचारला जातो: तिथली माणसे म्हातारपणीही इतकी सडसडीत आणि चपळ कशी? विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असते. कोणी शिस्तीचे नाव घेते, कोणी गरम पाण्याचे आणि वाफवलेल्या भाज्यांचे, कोणी हजारो वर्षांच्या परंपरेचे. आणि हल्ली व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रफितींत झाडाच्या खोडाला पाय उभा टेकवून गप्पा मारणारे ऐंशीचे आजोबा दाखवून आपल्या आळसाची हजेरी घेतली जाते. मी शांघायमध्ये राहते आणि यांतले एकही उत्तर मला पुरेसे वाटत नाही. चिनी माणूस आपल्यापेक्षा अधिक निग्रही असतो, असे मला कधी दिसलेले नाही. मला दिसते ते असे, की तिथल्या शहरांत व्यायाम करायला निग्रहाची फारशी गरजच उरू दिलेली नाही. घरापासून चालत जाता येईल अशी मोफत जागा, दिवसातला मोकळा वेळ, आणि अंगावर आहेत त्याच कपड्यांत चारचौघांत हातपाय हलवण्याची मुभा या गोष्टी जुळून आल्या, तर आळशी माणूसही व्यायाम करतो. त्या जुळल्या नाहीत, तर निग्रही माणूसही जानेवारीत सुरू करतो आणि मार्चमध्ये सोडून देतो. यांतली कपड्यांची बाब सर्वांत क्षुल्लक वाटते, म्हणून आधी तिच्याकडेच पाहावे.

शांघायच्या मध्यवस्तीतले फुशिंग पार्क १९०९ मध्ये फ्रेंच वसाहतीची बाग म्हणून खुले झाले. सकाळी तिथे गेले, तर लोकरीचा स्वेटर, इस्त्रीची पँट आणि काळे चामडी बूट घातलेल्या बाई एक टाच कठड्यावर ठेवून गुडघ्याला कपाळ टेकवत असतात. शेजारी जाकीट घातलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेले गृहस्थ टाळ्या वाजवत उलटे चालत असतात. आणखी एक जण झाडाच्या बुंध्यावर लयीत पाठ आपटत असतो. कोणी पिसांचे फूल पायाने उडवत ठेवतो, कोणी दोरीवर लाकडी भोवरा फिरवतो, कोणी पाण्यात बुडवलेल्या लांब कुंचल्याने फरशीवर अक्षरे काढतो आणि ती वाळून जाताना पाहतो. भाजीच्या पिशव्या आणि चहाचे थर्मास कठड्याला टांगलेले असतात. थंडीत अंग तापत जाते तसे कोट आणि स्वेटर एकामागून एक फांद्यांवर जातात आणि जाताना त्याच क्रमाने परत अंगावर चढतात. केवळ व्यायामासाठी शिवलेले कपडे घातलेला माणूस दिसला, तर तो बहुधा तिशीतला असतो किंवा माझ्यासारखा परदेशी.

या दृश्यात पाहुण्याला गंमत वाटते, पण त्यात एक हिशेबही आहे. ज्या व्यायामासाठी कपडे बदलावे लागतात, त्यासाठी आधी घरी जावे लागते, नंतर अंघोळ करावी लागते, आणि त्या दोन्हींसाठी दिवसातून एक सलग तास कापून काढावा लागतो. अंगावरच्या कपड्यांत होणारा व्यायाम भाजी आणायला जाता-येता, नातवाला शाळेत सोडल्यावर, बस यायला वेळ असेल तेव्हा होतो. आपल्याकडेही साडीवर कॅनव्हासचे बूट घालून पहाटे चालणाऱ्या बायका गावोगावी आहेत आणि मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण त्या चालतात, तेवढेच. पाचवारी साडीत कठड्यावर पाय टाकून वाकता येत नाही, आणि सलवार-कमीजमध्ये ते सहज येत असले तरी बाकांवर बसलेल्या नजरा ते होऊ देत नाहीत. नऊवारीच्या काष्ट्यात शरीराला मोकळीक होती, पण ती मोकळीक कष्टाच्या कामासाठी होती आणि काष्टा गेला तशी तीही गेली. चीनमध्ये पँट हा स्त्रियांचा रोजचा पोशाख होऊन आता तीन पिढ्या झाल्या आहेत. साठीच्या बाईने बागेत पाय उचलला, तर कोणी मान वळवत नाही.

हे पूर्वापार असेच होते, असे मात्र मुळीच नाही. १९१७ मध्ये तेविशीतल्या माओने शारीरिक शिक्षणावर एक लेख लिहिला होता. शिकलेल्या माणसांना व्यायामाची लाज का वाटते, याचे कारण सांगताना त्याने नेमके कपड्यांवर बोट ठेवले. घोळदार झगा, संथ चाल आणि गंभीर नजर हीच जिथे सुसंस्कृतपणाची खूण मानली जाते, तिथे एखाद्याने एकाएकी हात पसरावेत आणि पाय उघडे टाकावेत, हे विचित्रच दिसणार, असा त्याचा रोख होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या चिनी पंडिताची अडचण आपल्या बागेतल्या काकूंच्या अडचणीहून फार वेगळी नव्हती. त्या काळच्या कितीतरी स्त्रियांची तर पावलेच बांधलेली होती. ज्या परंपरेचा आपण आज दाखला देतो, त्या परंपरेत अंग हलवणे हे हमालाचे, शिपायाचे आणि आखाड्यातल्या मल्लाचे काम होते.

बदल घडला तो सरकारी आदेशांनी, आणि तेही युद्धाने थकलेल्या देशाला काम करणारी शरीरे हवी होती म्हणून. १९५१ च्या अखेरीस नभोवाणीवरून कवायतीचे पहिले प्रसारण सुरू झाले. कल्पना जपानकडून उचललेली होती. जपानी नभोवाणीवर अशी कवायत १९२८ पासूनच होती. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, माओने क्रीडा संघटनेसाठी लिहून दिलेले ‘खेळांचा विकास करा, जनतेचे शरीर बळकट करा’ हे घोषवाक्य आजही शाळांच्या मैदानांवर मोठ्या अक्षरांत दिसते. १९५४ मध्ये सरकारी कचेऱ्यांना कामाच्या मधल्या वेळेत कवायत घेण्याची सूचना झाली आणि १९५६ मध्ये क्रीडा आयोगाने ताई चीच्या जुन्या, लांबलचक पद्धतींतून २४ हालचालींचा एक आटोपशीर क्रम बांधून दिला. बागेत पांढऱ्या झुळझुळीत पोशाखातले वृद्ध जो प्राचीन प्रकार करताना पर्यटकाला दिसतात, तो बहुतेक वेळा हाच १९५६ चा क्रम असतो.

आपल्याकडे या वाटेवर कोणी चाललेच नाही, असे कोणी समजू नये. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्याच वेळी चीनच्या वूशू, म्हणजे पारंपरिक युद्धकलेच्या, पथकानेही तिथे आपली कला दाखवली होती. दोघांची सुरुवात साधारण एकाच ठिकाणाहून झाली. पुढे आपला व्यायाम आखाड्यात, लंगोटात आणि मुख्यतः पुरुषांकडे राहिला. त्यांचा कचेरीच्या अंगणात, कामाच्या कपड्यांत आणि स्त्री-पुरुषांच्या एकाच रांगेत आला. या फरकाचे श्रेय मी संस्कृतीला देणार नाही. त्यांच्याकडे कारखाना, घर, दवाखाना आणि कवायतीचे मैदान एकाच आस्थापनेच्या ताब्यात होते आणि ती सांगेल ते करावे लागे. सक्तीच होती ती. पण सक्तीनेही एक गोष्ट साधली: शेजारणीसमोर, वरिष्ठांसमोर, रोजच्या कपड्यांत हात वर करण्याचा संकोच एका पिढीच्या अंगातून कायमचा निघून गेला.

आज बागांमध्ये आणि चौकांमध्ये जी गर्दी दिसते, ती याच पिढीची, आणि तिच्यात बायका जास्त. त्यांना दामा म्हणतात, म्हणजे मोठी काकू म्हणावे तसे, आणि त्यांच्या सामूहिक नाचाची चेष्टा करणे हा चिनी तरुणांचा आवडता उद्योग आहे. ती चेष्टा मला अन्यायाची वाटते, कारण या बायका तिथे कशा पोहोचल्या हे तिच्यात विसरले जाते. १९५० च्या दशकात ठरलेल्या नियमांनुसार कामगार स्त्री पन्नासाव्या वर्षी आणि कार्यालयीन पदावरची स्त्री पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होत असे, पुरुष साठाव्या. त्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी कारखान्यांची फेररचना झाली, काही वर्षांत दोन कोटींहून अधिक कामगारांना घरी बसवले गेले, आणि त्यांत चाळिशीतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ज्या आस्थापनेने घर, मैत्रिणी आणि औषधपाणी दिले होते तीच नाहीशी झाली. आजारपण परवडणार नाही हे कळत होते आणि दिवस रिकामा होता. अशा वेळी एक स्पीकर, थोडी मोकळी फरशी आणि शाळेपासून अंगात भिनलेली रांगेत नाचायची सवय पुरेशी ठरली.

त्यांच्या कपड्यांकडेही या नजरेने पाहिले पाहिजे. परदेशी पाहुणे त्यांच्या भडक लाल जाकिटांना, रेशमी रुमालांना आणि फुलाफुलांच्या ब्लाउजांना हसतात. १९५४ ते १९८३ अशी जवळजवळ तीस वर्षे चीनमध्ये कापड कुपनावर मिळत होते. या बायकांचे तारुण्य निळ्या, करड्या आणि लष्करी हिरव्या रंगांत गेले. नटणे हे राजकीयदृष्ट्या संशयास्पद मानले जाण्याचा काळही त्यांनी पाहिला. साठाव्या वर्षी त्या पाच जणी मिळून सारखे गुलाबी टी-शर्ट आणि पांढरे हातमोजे मागवतात, तेव्हा ते मला अभिरुचीच्या अभावाचे लक्षण वाटत नाही. उशिरा हाती आलेला तो हक्क आहे. नाचासाठीचा हा पोशाखही असा असतो, की त्यातच पुढे बाजारात जाता यावे.

सरकारने या हौसेला जागा दिली, ती केवळ प्रेमापोटी नव्हे. १९८० आणि १९९० च्या दशकांत बागांमध्ये श्वसनाच्या आणि ध्यानाच्या नाना पंथांची लाट आली होती. त्यांतल्या फालुन गोंगवर १९९९ मध्ये बंदी आली. बागेत रोज एकत्र जमणारी, एकमेकांना ओळखणारी माणसे ही कोणत्याही सरकारला विचारात पाडणारी गोष्ट असते, आणि तिथल्या सरकारला तर फारच. त्यांनी निरुपद्रवी स्वरूपात व्यायाम करत राहावे, यात सरकारचा स्वार्थ होता आणि आहे. पण स्वार्थातून झालेले कामही मोजले पाहिजे. १९९५ मध्ये राष्ट्रीय तंदुरुस्तीचा कार्यक्रम आणि क्रीडा कायदा आला. क्रीडा लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोखंडी उपकरणे बसवण्यासाठी वापरला गेला. शांघायमध्ये २०१७ च्या अखेरीस हुआंगपू नदीच्या दोन्ही काठांची मिळून ४५ किलोमीटरची पट्टी लोकांसाठी सलग खुली झाली; तिथे पूर्वी गोद्या, कारखाने आणि कुंपणे होती. पूर्वेच्या काठावर साधारण दर किलोमीटरला एक विश्रांतीघर आहे, त्यात स्वच्छतागृह आणि प्यायचे पाणी. स्वच्छतागृह जवळ असल्याखेरीज साठीपुढची बाई तासभर घराबाहेर राहत नाही, ही साधी गोष्ट तिथल्या नगररचनाकाराला माहीत आहे.

तीच कंबर फिरवायची चकती, तेच खांद्याचे चाक आणि पाय झुलवायचे तेच पाळणे आता महाराष्ट्रातल्या शहरांतही ‘ओपन जिम’ म्हणून बसले आहेत. मला त्यांचा आनंद आहे, पण आपण त्यांतले फक्त लोखंड घेतले, अशी माझी तक्रार आहे. पालिकेच्या उद्यानाला कुलूप असते. ते सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडते, म्हणजे जी बाई सकाळी डबे भरते आणि संध्याकाळी स्वयंपाक करते, तिला मोकळीक असते त्या नेमक्या दुपारच्या वेळी ते बंद असते. चिनी उपकरणे इमारतींच्या मधल्या वाटेवर, बसथांब्यामागे, बाजाराच्या तोंडाशी आहेत. तिथे कोणी व्यायाम करायला म्हणून जात नाही, जाता-येता थांबतो.

आता कपड्यांची दुसरी बाजू. ज्या राज्ययंत्रणेने माणसांना अंग हलवायला बाहेर आणले, तीच अधूनमधून त्यांनी बाहेर काय घालावे हेही ठरवू पाहते. शांघायमध्ये घरच्या पायजम्यात रस्त्यावर येण्याची जुनी रीत आहे. गल्लीतल्या दाटीवाटीच्या घरांत स्वयंपाकघर आणि मोरी सामायिक असे, गल्ली हीच ओसरी होती, त्यामुळे पायजमा घालून कोपऱ्यावरून गरम पाव आणणे म्हणजे घराबाहेर जाणे नव्हतेच. २०१० च्या जागतिक प्रदर्शनाआधी शहराने याविरुद्ध मोहीम उघडली, घोषणा छापल्या, स्वयंसेवक नेमले. २०१९ मध्ये जिनान शहराने उन्हाळ्यात बनियन छातीपर्यंत गुंडाळून पोट उघडे टाकणाऱ्या पुरुषांविरुद्ध नोटीस काढली. २०२० च्या जानेवारीत आनह्वेइ प्रांतातल्या सूझोउच्या (बागांसाठी प्रसिद्ध असलेले सूझोउ वेगळे) नगरप्रशासनाने तर रस्त्यावर पायजमा घालून फिरणाऱ्यांची छायाचित्रे नावानिशी प्रसिद्ध केली आणि लोक संतापल्यावर माफी मागितली. २०२३ मध्ये राष्ट्रभावना दुखावणाऱ्या पोशाखावर दंड किंवा कोठडी, अशी तरतूद एका कायद्याच्या मसुद्यात आली. कायद्याच्या प्राध्यापकांसह हजारो नागरिकांनी हरकती घेतल्या आणि पुढच्या मसुद्यातून ते शब्द गेले.

गुंडाळलेले बनियन मलाही आवडत नाही, हे सांगून टाकते. तरीही या मोहिमा चुकीच्या आहेत असे माझे मत आहे, आणि ते केवळ व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावरून नाही. स्वेटर आणि चामडी बुटांत कठड्यावर पाय टाकणारी बाई आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात दूध आणायला निघालेला म्हातारा यांना बाहेर पडू देणारी सवय एकच आहे: घर आणि रस्ता यांच्यातला उंबरठा तिथे बुटका आहे. बाहेर पडायचे म्हणजे नीटनेटके होऊन पडायचे, हा नियम एकदा लागू झाला की तो पायजम्यापाशी थांबत नाही. मग व्यायामाचा नीटनेटका पोशाख येतो, तो परवडणारे आणि तो शोभणारे लोक बागेत उरतात, बाकीचे खिडकीतून पाहतात. शिष्टाचाराच्या नावाने रस्ता सजवू पाहणाऱ्या कोणत्याही नगरपालिकेने हे आधी लक्षात घ्यावे.

अर्थात चिनी समाज कपड्यांबाबत बेफिकीर आहे, असे यावरून कोणी समजू नये. तुम्ही कसे दिसता यावर बागेत कोणी बोलत नाही, पण पुरेसे घातले आहे की नाही यावर सगळे बोलतात. तान्ह्या बाळाचा घोटा उघडा दिसला, तर लिफ्टमधली अनोळखी आजी बाळाच्या आईला बोल लावते. वसंतात लोकरीचे कपडे घाईने उतरवू नयेत, हे मला घरकामाच्या मावशींपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सर्वांनी ऐकवले आहे. पँटच्या आत थर्मल घालावी की नाही, हा तिथे दर हिवाळ्यात आई आणि मुलीतला भांडणाचा विषय असतो. त्याच हिवाळ्यात बीजिंगच्या होउहाय तळ्यात बर्फ फोडून साठी-सत्तरीचे पुरुष पोहतात आणि छिंगताओच्या समुद्रात उन्हाळ्यात बायका डोळ्यांपुरती भोके ठेवलेले मुखवटे घालून उतरतात, कारण कातडी काळवंडता कामा नये. गोरेपणाचा हा सोस आपल्याला परका नाही. मात्र त्यासाठी पोहणे सोडून देण्याऐवजी त्यांनी मुखवटा शिवला.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू बागेत नसून शाळेत आहे: चिनी शाळकरी मुलांचा गणवेश. बहुतेक सरकारी शाळांत तो म्हणजे ढगळ ट्रॅकसूट असतो, मुलामुलींचा एकसारखा, रोजचा. पालक त्याला गबाळा म्हणतात, काही खासगी शाळांनी कोट-टाय आणि स्कर्ट आणले आहेत, आणि गणवेश सुंदर असावा की नाही यावर वाद चालूच असतो. शेन्झेनने २००२ मध्ये साऱ्या शहराच्या शाळांना एकच निळा-पांढरा ट्रॅकसूट दिला. आता मोठी झालेली तिथली मुले तो हौसेने मिरवतात. त्याच्या रूपाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला दिसते ते एवढेच, की त्या कपड्यातली बारा वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत कवायतीला, दोरीच्या उड्यांना किंवा सिमेंटच्या टेबल-टेनिसच्या टेबलाकडे जशी असेल तशी धावते. आपल्याकडे पीटीचा गणवेश ठरावीक वारी असतो. उरलेल्या दिवशी मुली स्कर्ट किंवा पिनाफोर सावरत कट्ट्यावर बसतात आणि मुले मैदान वापरतात. मुली खेळत नाहीत म्हणून परिसंवाद भरवण्यापेक्षा शाळांनी गणवेशाचे कापड आणि शिवण बदलावी. त्याला वेगळा निधी लागत नाही, कारण गणवेश तर दरवर्षी शिवलाच जातो.

इथवर वाचून चीन हा निरोगी माणसांचा देश आहे असे कोणाला वाटले असेल, तर तिथल्या सरकारचेच आकडे वेगळे सांगतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण २०२० मध्ये ३७.२ टक्के होते आणि २०२५ पर्यंत ते ३८.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे महत्त्वाकांक्षी धोरणातही साठ टक्क्यांहून अधिक लोक व्यायामाबाहेरच गृहीत धरलेले आहेत. २०२० च्याच अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अधिकृत अहवालानुसार निम्म्याहून अधिक प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. ट्रॅकसूट घालणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना चष्मा लागतो, आणि युन्नान प्रांताने उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेत शारीरिक शिक्षणाला भाषा आणि गणिताइतके शंभर गुण दिले, तेव्हा पालकांनी त्याचीही शिकवणी लावली. परदेशी निरीक्षकाला बाग दिसते, कारण बाग सार्वजनिक असते. रात्री नऊपर्यंत कचेरीत बसलेली माणसे त्याला दिसत नाहीत.

बागेतही सगळे गोडीगुलाबीने चालते असे नाही. २०१४ मध्ये वेन्झोउ शहरातल्या एका वसाहतीच्या रहिवाशांनी वर्गणी काढून २ लाख ६० हजार युआनचे कर्णे आणले आणि चौकातल्या नाचाच्या संगीतावर ते रोखले. २०१७ मध्ये लुओयांगच्या एका बागेत बास्केटबॉलच्या मैदानावरून तरुण आणि नाचणारे ज्येष्ठ यांच्यात हाणामारी झाली. त्याच वर्षी लिनयी शहरात मोटारींच्या रस्त्यावरून संचलन करत जाणाऱ्या भरभर चालणाऱ्यांच्या पथकात टॅक्सी घुसून एकाचा जीव गेला. २०१५ मध्ये सरकारने या नाचाचे १२ प्रमाणित प्रकार जाहीर करून पाहिले आणि टीका झाल्यावर ते सक्तीचे नाहीत असा खुलासा केला. शेवटी उपयोगी ठरतील अशा गोष्टी साध्या आहेत: २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण कायद्यात अशा संगीतासाठी जागा, वेळ आणि आवाज यांचे नियम आले, आणि काही गटांनी स्वतःहून बिनतारी हेडफोन घेतले. भांडण कपड्यांचे किंवा संस्कारांचे नव्हतेच. एकाच फरशीवर हक्क सांगणारे दोन गट होते, आणि फरशी अपुरी होती.

तरुण चीन या फरशीवर फारसा येत नाही, आणि माझी खरी शंका तिथे आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस ही कामाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली, तरी तिची सावली गेलेली नाही. या वयाचा माणूस व्यायाम करतो तो मॉलमधल्या जिममध्ये, वर्षभराची वर्गणी आगाऊ भरून, घट्ट लेगिंग आणि महागडे बूट घालून, आणि तो केल्याचे छायाचित्र टाकून. बागेत तो येतो तेव्हा बऱ्याचदा जुन्या राजवंशांच्या धर्तीचा घेरदार घागरा नेसलेल्या मैत्रिणीचे फोटो काढायला येतो. जिममध्ये जाण्यात काही वाईट नाही. पण त्या व्यायामाला पुन्हा वेगळे कपडे, वेगळी जागा, वेगळा वेळ आणि पैसा लागतो, म्हणजे तो पुन्हा निग्रहाच्या हवाली झाला आहे.

आणि मोकळ्या वेळाचा आधारही आता सरकतो आहे. १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढू लागले आहे. पंधरा वर्षांत ते पुरुषांसाठी ६३, कार्यालयीन स्त्रियांसाठी ५८ आणि कामगार स्त्रियांसाठी ५५ होईल. लोकसंख्या म्हातारी होत असताना हा निर्णय टाळता येण्याजोगा नव्हता, हे मान्य करावे लागते. पण नदीकाठची विश्रांतीघरे, वाटेवरची लोखंडी उपकरणे आणि बागेतल्या रुंद फरशा ज्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून बांधल्या गेल्या, ती पन्नाशीत निवृत्त झालेली, नातवाला शाळेत सोडून येणारी, गर्दीत हात वर करायला न लाजणारी बाई होती. तिची सून पन्नाशीला पोहोचेल तेव्हा ती नोकरीतच असेल, तिच्या घरी सोडायला नातू असेलच असे नाही, आणि मधल्या सुट्टीची कवायत तिने शाळेनंतर कधी केलेली नसेल. कचेऱ्यांतली कामाच्या मधली कवायत पुन्हा आणण्याचे प्रयत्न बीजिंगमध्ये झाले. २००७ मध्ये थांबलेले नभोवाणीवरचे प्रसारणही तिथे २०१० मध्ये पुन्हा सुरू झाले. पण मालकाच्या वेळेतली पंधरा मिनिटे काढून घ्यायला जे बळ लागते, ते १९५४ मध्ये सरकारकडे होते आणि कारखानाही सरकारचाच होता. आजच्या खासगी कंपन्यांकडून ती पंधरा मिनिटे कोण मिळवून देणार, याविषयी तंदुरुस्तीची राष्ट्रीय धोरणे फारच हळू आवाजात बोलतात.